सालीवरचं लाल किनारीचं शैवाक आणि पावसाचा जाच

ब्राझील, कोस्टारिका, कॅरिबियन बेटं, थेट फ्लोरिडापर्यंतच्या दमट जंगलांत झाडांच्या सालीवर एक गोलसर चट्टा दिसतो. मधोमध राखाडी-हिरवा, त्यावर लालसर बारीक दाणे, आणि कडेला लाल, गुलाबी नि पांढऱ्या रंगाची किनार. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी खोडावर रंग सांडला आणि पुसायचा विसरला. हे एक शैवाक आहे. नाव हर्पोथॅलॉन रुब्रोसिंक्टम. तिकडचे लोक लाल-हिरव्या रंगांमुळे त्याला ख्रिसमस शैवाक म्हणतात.

नागपुरात ते सापडणार नाही. मग इथे बसून त्याच्याबद्दल लिहायचं कशाला? एक तर त्याची लांबची भावंडं आपल्या स्वयंपाकघरात आहेत. सावजी मसाल्यात पडणारं दगडफूल हेही शैवाकच. इतवारीत मसाल्याच्या दुकानातून आणलेल्या पुडीतला एक तुकडा उलटा करून बघा, वरून राखाडी आणि खालून काळाभोर दिसेल. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जंगलात धो धो पाऊस पडतो म्हणजे तिथे शैवाकांची चंगळ असणार, असं बहुतेकांना वाटतं. सखल प्रदेशातल्या वर्षावनात गोष्ट जवळजवळ उलटी आहे. तिथे पाणीच शैवाकाच्या जिवावर उठतं. ते कसं, हे एकदा समजलं की नागपूरच्या मे महिन्यात आंब्याच्या खोडावरचा पांढरट चट्टा कसा टिकतो, तेही कळतं.

आधी थोडं मुळापासून. शैवाक हा एक जीव नसून बिऱ्हाड आहे. बाहेरचं सगळं बांधकाम बुरशीचं असतं. तिच्या तंतूंमध्ये हिरव्या शेवाळाच्या पेशी असतात, काही जातींत त्याऐवजी निळं-हिरवं शेवाळ म्हणजे सायनोबॅक्टेरिया. बुरशीला स्वतःचं अन्न करता येत नाही. शेवाळाला येतं, पण उघड्या सालीवर ऊन-वाऱ्यात एकट्याने राहणं त्यातल्या बहुतेकांना झेपत नाही. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर याने १८६७मध्ये हे मांडलं, तेव्हा त्या काळचे मोठमोठे शैवाकतज्ज्ञ चवताळून उठले. जुलमी बुरशी-मालक आणि बंदिवान शेवाळ-कन्या अशी या कल्पनेची टिंगल झाली. श्वेंडेनरचंच खरं निघालं. अलीकडे, २०१६मध्ये, बऱ्याच शैवाकांच्या वरच्या थरात यीस्टच्या जातीची आणखी एक बुरशी राहते, असं दाखवणारा शोधनिबंध आला. तिचं तिथे नेमकं काम काय, यावर वाद चालू आहे.

आपल्या लाल किनारीच्या शैवाकात जे शेवाळ असतं, ते ट्रेंटेपोहलियाच्या कुळातलं. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. वर्गाने हे हिरवं शेवाळ, पण दिसायला नारिंगी. कारण त्याच्या पेशींत कॅरोटीनने रंगलेले तेलाचे थेंब असतात. कोकणात, केरळात पावसाळ्यात भिंतींवर आणि नारळाच्या खोडांवर गंजासारखा नारिंगी थर चढतो, तो बहुतेक वेळा याचाच. २००१च्या पावसाळ्यात केरळात लाल पाऊस पडला होता, आठवतं? परग्रहावरचे जीव आले इथपर्यंत चर्चा गेली होती. सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांनी पाणी तपासलं तेव्हा त्यात ट्रेंटेपोहलियाचे बीजाणू निघाले, तेही शैवाक घडवणाऱ्या जातीचे. वर्तमानपत्रांनी परग्रहाला जेवढी जागा दिली, तेवढी या उत्तराला दिली नाही, हे सांगायला नकोच.

शेवाळ उजेडात साखर तयार करतं आणि बुरशीला देतं. ट्रेंटेपोहलियाच्या कुळातली शेवाळं ती एरिथ्रिटॉल नावाच्या साखर-अल्कोहोलच्या रूपात सोडतात. हल्ली शुगर-फ्री पदार्थांच्या पाकिटावर जे नाव दिसतं, तेच हे.

आता मुद्द्याचं. शैवाकाला मूळ नाही, पाणी ओढणाऱ्या नळ्या नाहीत, वरून मेणाचा लेप नाही, पानाला असतात तशी उघडझाप करणारी छिद्रं नाहीत. हवा दमट असेल तर ते ओलं, हवा कोरडी असेल तर ते कोरडं. ओलं असताना जगायचं आणि कोरडं झालं की सगळं कामकाज बंद ठेवून पडून राहायचं, एवढाच त्याचा कारभार. या कारभारात जमाखर्च असा चालतो: ओलं असताना उजेड असेल तर साखर जमा होते. ओलं असताना अंधार असेल तर श्वसनात ती खर्च होते. कोरडं असताना जमाही नाही, खर्चही नाही.

सखल वर्षावनातल्या एखाद्या खोडाजवळ हे गणित मांडून बघू. खालच्या थरात उजेड किती पोचतो? वर उघड्यावर जेवढा असतो त्याच्या एक-दोन टक्के. म्हणजे जमेची बाजू आधीच लंगडी. रात्री हवा ओलीच राहते आणि पारा बावीस-पंचवीस अंशांच्या खाली सहसा जात नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यामुळे रात्रभर ओल्या आणि उबदार अवस्थेत शैवाक साखर जाळत बसतं. दिवसभरात कमावलेलं रात्रीत संपायचं. थंड डोंगरात रात्र गार असते, तिथे हा खर्च कमी. दगडफुलासारखी मोठाल्या पाकळ्यांची शैवाकं हिमालयातून आणि दक्षिणेकडच्या डोंगरांतून येतात, त्यामागे हेही एक कारण आहे. सखल वर्षावनात खोडावर बहुतेक सगळा पापुद्रा, सालीला चिकटून बसलेला. पसरट पाकळ्या घेऊन मिरवणारे फार थोडे.

पण खरी मेख वेगळीच आहे. उजेड असला, पाणी असलं, तरी साखर करायला कार्बन डाय-ऑक्साईड लागतो आणि तो हवेतून आत यावा लागतो. पाण्यातून हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. शैवाकाच्या तंतूंमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की वायूची वाट बंद होते. उन्हाळ्यात गाडीवर तोंडाला दुपट्टा बांधून निघताना तो थोडा ओला केला तर बरं वाटतं. नळाखाली धरून चिंब केला तर श्वास घ्यायला जड जातं. शैवाकाचं तसंच होतं. धो धो पावसानंतर ते चिंब असतं, हिरवं दिसतं, आणि आत शेवाळ उपाशी असतं. श्वसन मात्र चालूच. पुन्हा रोज दुपारी पाऊस म्हणजे वाळायला उसंत नाही.

हर्पोथॅलॉनने यावर तोडगा काढलाय तो बांधणीत. बऱ्याच शैवाकांना वरून बुरशीचा घट्ट विणलेला थर असतो, याला तो नाही. सगळं शरीर म्हणजे सैल तंतूंचं लोकरीसारखं जाळं. भिंगातून पाहिलं तर कडेची लाल-पांढरी पट्टी चक्क केसाळ दिसते. असे तंतू पाणी अंगाला लावून घेत नाहीत, थेंब वरून ओघळून जातो आणि आतल्या पोकळ्यांत हवा टिकते. फ्रेंच गयानाच्या सखल जंगलात खोडांवरच्या शैवाकांचा असा एक अभ्यास झाला, तो २००६मध्ये प्रसिद्ध झाला. मंद उजेडावर भागवणं आणि पाणी अंगाबाहेर ठेवणं या दोन गोष्टी ज्यांना जमतात ती तिथे तग धरतात, असं त्यातून दिसलं. हिरव्या शेवाळाच्या शैवाकांना आणखी एक सवलत आहे. त्यांना साखर करायला पाण्याचा थेंब लागतोच असं नाही, नुसत्या दमट हवेवर ती जागी होतात. सायनोबॅक्टेरियावाल्यांना खरंखुरं द्रव पाणी लागतं.

आता नागपूर. इथे वर्षातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. सेमिनरी हिल्स किंवा गोरेवाड्याच्या पानगळीच्या जंगलात सागाला तेव्हा पान नसतं, खोडं दिवसभर उन्हात भाजतात. तरी सालीवरचे चट्टे जागेवर असतात. कारण ते कोरडे असतात. ऑटो लांगे या जर्मन शास्त्रज्ञाने १९५३मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की कोरड्या अवस्थेत अनेक शैवाकं अर्धा तास सत्तर अंश किंवा त्याहून जास्त उष्णता सहन करतात. तीच ओली असताना मात्र चाळीसच्या आसपासच कोलमडतात. म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्याला ती ज्या गुणावर तोंड देतात, तो गुण म्हणजे वाळून निपचित पडता येणं. मग ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत पहाटे दव पडतं, धुकं असतं, रात्र गार असते. सकाळी ऊन चढेपर्यंतचा तास-दोन तास हीच त्यांची कमाईची वेळ. वर्षावनातल्या भाऊबंदांना हा असा कोरडा, खर्च बंद असलेला वेळच पुरेसा मिळत नाही.

आंब्याच्या जुन्या झाडाकडे जा. खोडावर हाताच्या तळव्याएवढे, राखाडी-पांढरट, सालीला घट्ट चिकटलेले आणि कडेला नखाएवढ्या फाट्यांचे चट्टे शोधा. त्यावर बाटलीतलं पाणी ओता आणि मिनिटभर थांबा. राखाडी रंग बदलून चट्टा हिरवट होतो. बाहेरचा बुरशीचा थर कोरडा असताना धुरकट असतो, ओला झाला की पारदर्शक होतो आणि खालचं शेवाळ दिसायला लागतं. मुलांना शैवाक म्हणजे काय हे सांगायला याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही. खर्च शून्य.

इथे एक प्रश्न हमखास येतो. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत कुणी ना कुणी विचारतंच, "हे पांढरे चट्टे रोगाचे होय का जी?" नाही. शैवाक झाडातून रस ओढत नाही. साल ही त्याच्यासाठी फक्त बसायची जागा, अन्न ते स्वतःचं स्वतः करतं. मोडकळीला आलेल्या, पानं विरळ झालेल्या झाडावर ते जास्त दिसतं हे खरं आहे, पण तिथे उलटा क्रम लागतो: झाड आधी खंगलं, पानोळा कमी झाला, खोडावर उजेड वाढला, मग शैवाक फोफावलं. संत्र्याला खरा त्रास डिंक्या रोगाचा. त्यासाठी आपल्याकडे खोडाला बोर्डो मलम लावतात. त्यात मोरचूद असतो आणि तांब्याने शैवाकंही मरतात. त्यामुळे मलम लावलेल्या भागात खोड स्वच्छ दिसतं आणि "रोग गेला" असा समज पक्का होतो.

साल ही बसायची जागा म्हटलं, पण सगळ्या साली सारख्या नसतात. गुळगुळीत की खडबडीत, आम्ल की कमी आम्ल, पाणी किती वेळ धरते, किती वर्षांनी गळून पडते, यावर कोण बसणार ते ठरतं. पेरूसारखी साल सोलणाऱ्या झाडावर सावकाश वाढणाऱ्याला घर करता येत नाही. बहुतेक शैवाकं वर्षाला काही मिलिमीटर एवढीच वाढतात. शिवाय एकाच झाडावर बुंध्याशी अंधार आणि ओल, शेंड्याशी लखलखीत ऊन आणि वारा. वर्षावनातलं एक झाड म्हणजे तळापासून शेंड्यापर्यंत वेगवेगळी हवामानं एकावर एक. पापुआ न्यू गिनीत आन्द्रे आप्त्रूत या डच शास्त्रज्ञाने एका झाडावरची शैवाकं मोजली, १७३ जाती निघाल्या. एका झाडावर! हर्पोथॅलॉन आपल्या जंगलातल्या झाडांवर सावलीच्या मजल्यांवरचं रहिवासी.

त्याच्या रंगांकडे वळू. लाल रंग चिओडेक्टॉनिक आम्ल नावाच्या द्रव्याचा आहे. हे बुरशी बनवते. किनार ही निव्वळ बुरशीची असते, तिथे शेवाळ अजून पोचलेलं नसतं. बुरशी पुढे सरकून जागा धरते आणि शेवाळ मागून येतं. म्हणून मध्यभाग हिरवट आणि कड लाल. हे द्रव्य तिथे नेमकं का साठतं, उजेडापासून बचाव, किडींना चव नकोशी करणं, की आणखी काही, यावर शास्त्रज्ञ वेगवेगळी उत्तरं देतात. माझ्या मते शैवाकांच्या रंगांना सरसकट "सनस्क्रीन" म्हणायची जी सवय लागलीय ती जरा घाईची आहे, विशेषतः एक-दोन टक्के उजेडात राहणाऱ्याच्या बाबतीत.

रंगांचा हा नकाशा काढला कसा, यात नागपूरकरांना रस वाटेल. चट्टा खरवडून, विरघळवून तपासला तर कुठलं द्रव्य कोणत्या पट्टीत होतं ते कळत नाही. म्हणून संशोधकांनी त्यावर लेसरचा झोत टाकून परतणाऱ्या उजेडाचा अभ्यास केला. उजेडाचा थोडासा भाग रेणूला आपटून बदललेल्या रंगाने परत येतो आणि प्रत्येक द्रव्याचा बदल त्याचा स्वतःचा असतो. हा रामन परिणाम, १९२८चा. चंद्रशेखर वेंकट रामन विज्ञानाकडे पूर्णवेळ वळण्याआधी सरकारी हिशेब खात्यात होते आणि त्या नोकरीत काही काळ नागपुरातही होते. गांधीसागराजवळचं रामन विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचं. या पद्धतीने हर्पोथॅलॉनमध्ये लाल द्रव्याखेरीज कॉन्फ्लुएंटिक आम्ल, बीटा-कॅरोटीन आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक सापडले. कॅल्शियम ऑक्झॅलेट म्हणजे मूतखड्यात असतं तेच. चट्ट्याला ओरखडासुद्धा न काढता ही सगळी माहिती मिळाली.

या जीवाचं कागदोपत्री आयुष्यही मजेशीर आहे. १८२०मध्ये एरेनबर्ग या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं ते साधी बुरशी समजून, हायपोक्नस या बुरशीच्या प्रजातीत टाकून. पुढे ते शैवाक आहे हे कळलं. मग चिओडेक्टॉन, मग क्रिप्टोथेसिया, आणि २००९पासून हर्पोथॅलॉन. एवढे पत्ते बदलायचं कारण म्हणजे हा पठ्ठ्या फळधारणाच करत नाही. बुरशींची वर्गवारी मुख्यतः बीजाणू तयार करणाऱ्या फळांवरून होते आणि याची तशी फळं कुणाला सापडलेली नाहीत. ओळख पटवायला चेहराच नाही म्हटल्यावर कारकुनी घोळ होणारच. मग हे पसरतं कसं? पृष्ठभागावरचे ते लालसर दाणे त्यासाठीच. प्रत्येक दाण्यात बुरशीचे तंतू आणि शेवाळाच्या पेशी दोन्ही बांधलेले असतात. पावसाच्या माऱ्याने, गोगलगायीच्या किंवा किड्याच्या पायी दाणा तुटतो, शेजारच्या सालीवर अडकतो आणि बिऱ्हाड जसंच्या तसं नव्या जागी सुरू होतं. बीजाणूने पसरणाऱ्या बुरशीला मात्र नव्या ठिकाणी योग्य शेवाळ शोधत बसावं लागतं.

आपल्याकडे या गटावर काम झालंय. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखीजा यांनी सह्याद्रीतल्या पापुद्र्यासारख्या शैवाकांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यात क्रिप्टोथेसियाच्या भारतीय जातीही होत्या. भारतात शैवाकांच्या अडीच हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात. विदर्भातल्या कोरड्या जंगलांकडे मात्र सह्याद्रीच्या मानाने लक्ष कमीच गेलं, असं मला वाटतं.

हवेचा विषय टाळता येणार नाही. सगळं अंगानेच शोषून घेणाऱ्या जीवाला हवेतलं विषही अंगानेच शोषावं लागतं. कोळशाच्या धुरातला सल्फर डाय-ऑक्साईड त्यातल्या शेवाळाला मारतो. विल्यम नायलँडर या फिनलंडच्या शैवाकतज्ज्ञाने १८६६मध्येच पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली शैवाकं पाहून त्यावरून हवेची पारख करता येते असं सुचवलं होतं. गंमत अशी की हाच नायलँडर श्वेंडेनरच्या सिद्धान्ताचा शेवटपर्यंत कट्टर विरोधक राहिला. नागपुरात हा विचार करून बघायचा असेल तर पिक्सिन कोकोस नावाचं शैवाक ओळखून ठेवा. आंब्यासारख्या झाडांवर वाढणारं, धूळ-धूर बऱ्यापैकी सोसणारं. मध्य भारतात हवेतले जड धातू मोजायला ते वापरलं गेलंय. रस्त्याकडेच्या झाडांवर असं एखाद-दुसरं सोशीक शैवाकच उरलं असेल आणि शहराबाहेर त्याच जातीच्या झाडावर चार-पाच प्रकार दिसत असतील, तर फरक कशाचा असेल त्याचा अंदाज बांधता येतो. अर्थात झाडाचं वय, उजेड, ओल सारखी धरूनच तुलना करायची, नाहीतर निष्कर्ष काहीही निघेल.

पिक्सिन कोकोस ओळखायची सोपी खूण म्हणजे नोटा तपासायची निळसर टॉर्च. अंधार पडल्यावर ती चट्ट्यावर मारली की तो पिवळा चमकतो, त्यात लायकेझँथोन नावाचं द्रव्य असतं म्हणून. शोधताना नजर जरा वर ठेवा. रस्त्याकडेच्या झाडांना छातीच्या उंचीपर्यंत काव आणि चुन्याचे पट्टे मारलेले असतात, तेवढ्या भागात काही मिळणार नाही.